नोर्माचे बारा सेकंद

"हा तिचा आवाज नाही," मी म्हणालो.

आपण उभे राहिलोय हे मला कळलंच नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ओरेस्ते, खाली बस, दिसत नाही. पडद्यावर नोर्माचं तोंड हलत होतं आणि आवाज भलत्याच बाईचा येत होता. गोड, गुळगुळीत, रेडिओवरच्या बाईसारखा. नोर्माने मुख्य नटाचा हात गादीवर टेकवून धरला होता, त्याची बोटं त्या तोकड्या हातमोज्यात अडकली होती, आणि ती परकी बाई म्हणत होती, "साहेब, हात सैल सोडा. चामडं आपलं आपण वाट काढतं." मग कॅमेरा दुसरीकडे गेला. पलंगाच्या विभागात एक जोडपं भांडत होतं. लोक हसले.

मी पुन्हा म्हणालो, हा तिचा आवाज नाही. ताद्देईसाहेबांनी चित्रपट थांबवला. ते आमच्या दुकानात तळमजल्याचे प्रमुख होते, आता पंचाऐंशीचे आहेत, पण अजून कुणी मोठ्याने बोललं की आधी तिकडे बघतात. ते शांतपणे म्हणाले, अरे, सगळ्यांचेच आवाज नंतर घातलेले असतात, तुला माहीत नाही का?

माहीत होतं. रोममध्ये जन्मलो, इथेच म्हातारा झालो. परदेशी नट आमच्या भाषेत कसे बोलतात, आमचेसुद्धा अर्धे नट दुसऱ्याच्या घशातून कसे बोलतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आपल्या बायकोच्या बाबतीतही तसंच झालं असेल, हे एकतीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी कोट उचलला आणि बाहेर आलो.

दुकान बंद होणार, जागा कुणी हॉटेलवाल्याने घेतली, म्हणून जुन्या नोकरांनी चर्चच्या सभागृहात रविवारी दुपारी हे जमवलं होतं. बायकांनी केकचे ट्रे आणले होते. कुणी तरी आपल्या दुकानात काढलेला तो चित्रपट दाखवायची टूम काढली. मला लिआनाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. तिने दोनदा विचारलं, नक्की येणार का, त्रास होईल तुला. मी म्हणालो, मला त्याच्यासाठीच यायचंय.

का यायचं होतं ते सांगतो.

नोर्मा फेब्रुवारीत गेली. त्याच्या अडीच वर्षं आधी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले जीव वाचला, आणि वाचला तोही अडीच वर्षं, मी तक्रार करत नाही. ती ओठांनी बोलायची आणि मी बघून समजायचो. सुरुवातीला मला काही कळायचं नाही. ती मीठ म्हणायची, मी खिडकी बंद करायचो. मग ती कपाळाला हात लावून हसायची, आवाजाशिवाय. सहा महिन्यांत मला जमलं. शेवटी शेवटी तर ती अंधूक उजेडात, पाठ अर्धी वळवून बोलली तरी मला कळायचं. सिमोना, आमची मुलगी, तुरिनहून यायची तेव्हा मी दोघींच्या मध्ये बसून आईचं बोलणं मोठ्याने सांगायचो. सिमोना म्हणायची, बाबा, तुम्ही आईसारखेच चिडता.

ती गेल्यावर तीनेक महिन्यांनी एका सकाळी मला तिचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता, हात आठवत होते, आवाज नाही. जाडा होता, थोडा फाटका, हे मला माहीत होतं. आमच्या तेस्ताच्चो भागातल्या बाजारात तिने भाजीवाल्याला हाक मारली की तीन दुकानं पलीकडचे वळून बघायचे. पण माहीत असणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. मी घर उपसलं. फोनच्या यंत्रावर निरोप माझ्या आवाजातला. सिमोनाच्या लग्नाची फीत काढली, तर फोटोवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हायोलिनं घातलेली. नोर्मा मेजवानीत हसतेय, कुणाच्या तरी कानात काही सांगतेय, आणि वर व्हायोलिनं.

मग तो चित्रपट आठवला. त्यात तिचं एक वाक्य होतं.

मी आमच्या दुकानात सरकत्या जिन्यांचा मेकॅनिक होतो. नोर्मा तळमजल्यावर हातमोज्यांच्या काउंटरवर. आता हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात, तेव्हा ते हातात चढवून द्यायचे. गिऱ्हाईक कोपर छोट्या मखमली गादीवर टेकायचं, ती लाकडी चिमट्याने मोज्याची बोटं रुंद करायची, आत थोडी पावडर टाकायची आणि मग एकेक बोट खाली ओढत आणायची. माणसं हात आवळून धरतात, लाजतात. तेव्हा ती म्हणायची, साहेब, हात सैल सोडा, चामडं आपलं आपण वाट काढतं. हे ती दिवसातून वीस वेळा म्हणायची. अठ्ठ्याहत्तर साली सिनेमावाले दुकान बघायला आले, त्यांच्यातल्या एकाने हे ऐकलं आणि आपल्या वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात निरोप आला की चित्रपटात हातमोजेवाली नोर्माच होणार, आणि तिने हेच म्हणायचं.

ती मला म्हणाली, त्यात काय, मी रोजच म्हणते. पण माझ्या डोक्यात हवा गेली. मी कॉफीच्या बारमध्ये सांगितलं, केस कापणाऱ्याला सांगितलं, जिन्यातल्या सहाही बिऱ्हाडांना सांगितलं. माझ्या आईला, जिला चित्रपट म्हणजे पाप वाटायचं, तिलाही सांगितलं. संध्याकाळी जेवणानंतर आम्ही तालीम करायचो. मी गिऱ्हाईक. सोफ्याच्या उशीवर कोपर टेकून माझा तेलकट हात पुढे करायचो, नोर्मा ओव्हनचा जाड मोजा माझ्या हातात चढवायची आणि आपलं वाक्य म्हणायची. मी म्हणायचो, जरा सावकाश म्हण. ती म्हणायची, "तूच होतोस का नट? मी जाते जिने दुरुस्त करायला."

शूटिंग ऑगस्टमध्ये, रविवारी, दुकान बंद असताना. गोष्ट एका दिवसाची होती. एकाच दुकानात दहा-बारा माणसं, प्रत्येकाची आपापली भानगड. त्यातल्या एकाचा हात मोज्यात अडकतो आणि तो तसाच घाबरून खाली येणाऱ्या जिन्यावरून वर पळायला लागतो. त्या जिन्यासाठी मला बोलावलं होतं. दिग्दर्शकाने हात वर केला की जिना चालू, खाली केला की बंद. सकाळी सातपासून मी बटणापाशी उभा होतो. नोर्माचा काउंटर माझ्यासमोर वीस पावलांवर, पण मध्ये दिवे, माणसं, आणि जिन्याची घरघर. तिचं तोंड हललेलं दिसलं, ऐकू काही आलं नाही. नंतर मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, झालं.

चित्रपट लागला तेव्हा दुकानातले चाळीस जण आमच्याबरोबर आले. नोर्मा पडद्यावर आली आणि आमच्या दोन्ही रांगांनी असा गोंधळ केला की बास. टाळ्या, शिट्ट्या. लिआना तर खुर्चीवर चढली होती. मला वाक्य ऐकू आलं नाही, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली. पुढे टीव्हीवर दोनदा लागला, दोन्ही वेळा तो प्रसंग कापलेला. मग विषय मागे पडला.

म्हणून आता रविवारी सभागृहात शिरल्या शिरल्या मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, नोर्मा आली की कुणी ओरडू नका, मला तिला ऐकायचंय. सगळे बरं म्हणाले. सगळ्यांचे डोळे भरले. आणि तिचा चेहरा पडद्यावर आला त्याच क्षणी माझ्या शेजारी बसलेली लिआना टाळ्या वाजवायला लागली, नोर्मा नोर्मा म्हणून ओरडायला लागली. एकटीच. मी तिचं मनगट धरलं आणि गप्प हो म्हणालो, जरा जोरानेच. ती गप्प झाली, आणि मला ती परकी बाई ऐकू आली.

लिआना माझ्या मागोमाग बाहेर आली. ती अत्तराच्या काउंटरवर होती, नोर्माच्या समोर. सत्तरी ओलांडली तरी अजून ओठ रंगवल्याशिवाय दार उघडत नाही. मी तिच्याकडे बघितलंही नाही. समोरच्या बारमध्ये जाऊन बसलो. ती आली, समोर बसली, दोघांसाठी कॉफी सांगितली.

"मनगट दुखतंय माझं," ती म्हणाली.

मी म्हणालो, दुखू दे. एक गोष्ट मागितली होती मी सगळ्यांकडे. एकच.

"मी कुणाला तरी शब्द दिला होता. तुझ्या आधी."

मग तिने सांगितलं. त्या रविवारी सकाळी दिग्दर्शकाचा माणूस नोर्माकडे आला आणि म्हणाला, बाई, वाक्य म्हणायची गरज नाही, आवाज नंतर दुसरी बाई देणार आहे. तुम्ही नुसते ओठ हलवा. आकडे म्हणा, प्रार्थना म्हणा, काय वाटेल ते. सगळ्या बारक्या कामांना त्यांची तीच पद्धत होती. नोर्मा मधल्या वेळात अत्तराच्या काउंटरवर आली आणि लिआनाला म्हणाली, ऐकलंस का, माझंच वाक्य, आणि माझा आवाज चालत नाही. हसली म्हणे. मग म्हणाली, ओरेस्तेला सांगू नकोस, त्याने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय.

"आणि थिएटरात?" मी विचारलं.

"थिएटरात जायच्या आधी ती प्रत्येकाकडे गेली. चाळीसही जणांकडे. ताद्देईसाहेबांकडेसुद्धा. म्हणाली, मी दिसले की ओरडा, इतकं ओरडा की ओरेस्तेला काही ऐकू येता कामा नये." लिआनाने साखरेची पुडी फोडली आणि तशीच ठेवून दिली. "ताद्देईसाहेब शिट्टी वाजवताना तू आयुष्यात दुसऱ्यांदा कधी बघितलेस?"

नव्हतं बघितलं. तेव्हाही मला नवल वाटलं होतं.

वाक्य तिचं, आवाज तिचा कापला, आणि काळजी कसली, तर नवऱ्याची गल्लीत शोभा होऊ नये. एकतीस वर्षांत तिने अवाक्षर काढलं नाही. केस कापणारा दर महिन्याला विचारायचा, काय, नटीबाई कशा आहेत? मी खूश होऊन उत्तर द्यायचो. ती शेजारी उभी असायची.

मी लिआनाला म्हणालो, तिने मला सांगायला हवं होतं. मी काय खाल्लं असतं का तिला?

लिआना म्हणाली, "अरे, तुझं तोंड तू बघितलं नाहीस तेव्हा. आम्ही बघितलंय. कुणीही नसतं सांगितलं."

मी तिच्या मनगटाबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, बर्फ लावीन. उठताना तिने पर्समधून त्या चित्रपटाची तबकडी काढून माझ्यापुढे ठेवली. ताद्देईसाहेबांकडून मागून आणली होती. मी म्हणालो, मला नको, यात ती नाहीच. ती म्हणाली, हात तर तिचेच आहेत ना, तेवढे बघ.

सोमवारी सकाळी मी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि तबकडी लावली. आवाज पूर्ण बंद केला. ती परकी बाई मला माझ्या घरात नको होती. लिआना म्हणाली तसे हातच बघायचे असं ठरवलं होतं. बटणं दाबत दाबत तो प्रसंग सापडायला बराच वेळ गेला. सापडला तेव्हा मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, चष्मा काचेला लागेल इतका.

हात तिचेच होते. डाव्या अंगठ्यावर भाजल्याची खूण. करंगळीपासून सुरुवात करायची तिची पद्धत, बाकीच्या मुली तर्जनीपासून करायच्या. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा माझी नजर आपोआप हातांवरून वर गेली. अडीच वर्षांची सवय. नोर्मा समोर आली की मी ओठांकडेच बघायचो.

एक, दोन, तीन, चार, पाच.

ती आकडे म्हणत होती. मला स्पष्ट कळत होतं, कुणी वाचून दाखवावं तसं. मुख्य नट विदूषकासारखी तोंडं करत होता आणि नोर्मा त्याच्या बोटावर मोजा ओढत, अगदी अदबीने, आकडे म्हणत होती. मला हसू आलं. पाचानंतर तिने मान वर केली. लोकांना वाटत असेल की ती नटाकडे बघतेय. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. जिन्याकडे. तिचे ओठ पुन्हा हलले आणि ते आकडे नव्हते.

मी मागे घेऊन पुन्हा बघितलं. पुन्हा. कॉफी उतू गेल्याचा वास आला, जाऊन चूल बंद केली आणि परत आलो. पहिला शब्द माझं नाव होतं, त्यात शंका नव्हती, ते नाव त्या ओठांवर मी हजारदा बघितलं होतं. पुढचं हळूहळू लागलं.

ओरेस्ते, बस ना जरा. सकाळपासून उभा आहेस.

मग नट किंचाळत पळतो आणि पलंगाचा विभाग येतो. सगळे मिळून बारा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले.

नाटकी काही लिहायचं नाही असं मी ठरवून बसलोय, म्हणून झालं तेवढंच सांगतो. पाचव्या का सहाव्या वेळी, आवाज बंद असताना, मला ती ऐकू आली. जाडा, जरासा फाटका आवाज, 'ना'वर थोडा वर चढणारा. हातमोज्यांचं ते वाक्य तिने माझ्यासाठी कधी म्हटलं नव्हतं, ते गिऱ्हाइकांचं होतं. हे मात्र माझं होतं. मी कामावरून आलो की, मी सिंक दुरुस्त करायला लागलो की, आणि दवाखान्यात तिच्या पलंगाशी उभा असलो की, आवाज नसतानासुद्धा, ती हेच म्हणायची. ओठांबरोबर आवाजही माझ्या कानात आला, आणि त्यानंतर अजून गेलेला नाही.

त्या सिनेमावाल्यांना मी रविवारी बारमध्ये मनातल्या मनात काय काय बोललो होतो. आता वाटतं, त्यांना तिचा आवाज हवा असता तर तिने ते वाक्य म्हटलं असतं, नटाकडे बघून, आणि सावकाश, मी शिकवल्यासारखं. त्यांना नको होता म्हणून ती मोकळी झाली, आणि एवढे दिवे, एवढी माणसं असताना तिने माझ्याशी बोलून घेतलं. मला तेव्हा ऐकू आलं नाही. समजायला घशाचं ते दुखणं यावं लागलं. त्या दुखण्याचे आभार मानवत नाहीत माझ्याने. पण त्या अडीच वर्षांचे मानतो. आवाज देणाऱ्या त्या बाईचेही मानतो. तिने काम चोख केलं होतं. थिएटरात ओरडलेल्या चाळीस जणांतले आता सतरा उरले आहेत, त्यांच्या घरी एकेकदा जाऊन यायचं ठरवलंय.

लिआनाला फोन केला. उभ्या उभ्याच केला, डोळे पडद्यावर ठेवून. मनगट कसं आहे विचारलं. ती म्हणाली सुजलंय, पण अंगठी निघते अजून. मग तिने विचारलं, बघितलेस का हात? मी म्हणालो, बघितले. आणि ओठही बघितले, ती आकडेच म्हणत होती.

"कितीपर्यंत?"

"पाच."

"आणि पुढे?"

मी म्हणालो, पुढे ते पलंगवाले येतात.

लिआना म्हणाली, जेवून घे वेळेवर, आणि फोन ठेवला. तिला काय कळलं ते तिचं तिला माहीत.

अकरा वाजून गेले होते. खालून बाजार उठल्याचे आवाज येत होते, लाकडी खोकी आदळत होती. सकाळी सातला टीव्हीसमोर उभा राहिलेला मी अजून तिथेच होतो आणि उजवा गुडघा ठणकायला लागला होता. मी प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला. नोर्माने गिऱ्हाइकाचा हात गादीवर घेतला, करंगळीला हात घातला, पाचपर्यंत मोजलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी खुर्ची ओढली आणि बसलो.